चोवीस तास आणि तीन तारे

मी मराठी भराभर बोलते, अडखळत वाचते आणि लिहिते आहे ती पहिल्यांदाच. आई इथं हैदराबादला जामबागच्या मराठी शाळेत शिकली, मी इंग्रजी शाळेत. म्हणून हा लेख मी आधी फोनमध्ये बोलून टाकला आणि मग आईने पेन्सिल घेऊन त्यातल्या वेलांट्या जागेवर आणल्या. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझं नावही तिनेच परस्पर दिलं. "सहा वर्षं रोज कुकटपल्लीला जातेस, तिथं करतेस काय ते मला तरी कळू दे," असं तिचं म्हणणं.

तर मी काय करते ते सांगते. आमच्या कारखान्यात मिरचीचा आणि हळदीचा अर्क काढतात. मिरचीचा अर्क मधासारखा दाट आणि इतका लाल असतो की हातमोज्याला लागला तर मोजा फेकावा लागतो. तो पिंपांतून परदेशी जातो आणि सॉसात, चिप्समध्ये पडतो. मी गुणवत्ता विभागात आहे. अर्क मी बनवत नाही. बनवताना जे लिहायचं असतं ते लिहिलं आहे का, हे बघते. आणि शंका आली की लाल टॅग लावते. त्यावर 'होल्ड' लिहिलेलं असतं. वस्तू कोणती, का थांबवली, काय झाल्यावर सोडायची, असे रकाने असतात. ज्याने टॅग लावला त्यानेच सही करून तो सोडायचा, मोठ्या साहेबांनाही तो काढता येत नाही. लाजाळू माणसाला याहून चांगली नोकरी नाही. तोंड न उघडता लोक थांबतात.

माझ्या ओळखपत्रावर 'के. स्मिता' असं आहे. तेलुगू पद्धतीने आद्याक्षर पुढे. मला ते सोयीचं होतं. के म्हणजे काय, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर मला एखादी फाइल उघडायची आठवण होते.

आमच्याकडे तपासनीस सारखे येतात. एक बाई फक्त फरशीच्या फटी बघतात. एक गृहस्थ तीन दिवस राहिले आणि शेवटी उंदराच्या पिंजऱ्यांचे क्रमांक चुकलेत एवढं एकच सांगून गेले. पण मला लिहायचं आहे ते कोशरच्या तपासणीबद्दल.

कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांत बसणारं. मिरचीत कसलं आलंय निषिद्ध, असं मलाही वाटलं होतं. पण अर्क पाण्यात मिसळावा म्हणून त्यात जे घालतात ते कधी वनस्पतींपासून बनतं, कधी जनावराच्या चरबीपासून. आणि भांडं तेच असतं. गरम भांडं चव पिऊन बसतं, असं हे शास्त्र मानतं. ती चव काढायची तर भांडं आधी पूर्ण चोवीस तास थंड, न वापरता ठेवायचं. मग त्यात काठोकाठ पाणी भरून उतू जाईपर्यंत उकळायचं. आमचं भांडं तीन हजार लिटरचं आहे.

हे नियम मी पहिल्यांदा वाचले ते जरा अंग चोरूनच. आमच्या घरी बुद्धवंदना होते, आणि सोवळ्याचं नाव निघालं की आजही सगळे सावध होऊन बसतात.

त्या डिसेंबरात एका नव्या ग्राहकाला कोशर अर्क हवा होता. कंटेनर रविवारी निघायचा होता. बुधवारी संध्याकाळी सहाला भांडं रिकामं करून, धुऊन बंद केलं. गुरुवारी निरीक्षक येणार, शुक्रवारी सकाळी नऊला पाणी उकळणार आणि दुपारच्या विमानाने निरीक्षक घरी जाणार, कारण शुक्रवारी सूर्यास्ताला त्यांचा शब्बाथ लागतो. मग शनिवारी अंधार पडेपर्यंत काम नाही, प्रवास नाही, लिहिणंसुद्धा नाही. सगळं कागदावर छान बसलं होतं. कागद माझाच होता.

गुरुवारी दुपारी मी शेवटची फेरी मारली तर भांड्याच्या गळ्याशी बांगडीएवढा लाल डाग. पाहुणा येणार आणि भांड्याला डाग. बॉयलर आणि वाफ सांभाळतात ते यादगिरी अण्णा तिथंच होते.

"अण्णा, एक बार गरम पानी मार लो."

"साफ हैच मॅडम."

"फिर भी, एक बार."

दोन वाजून दहा मिनिटांनी भांडं आरशासारखं झालं. मी खूश. तो माल नव्हता, साधी धुलाई होती. लॉगमध्ये धुलाईचा रकाना नव्हता, म्हणून ती कुठं लिहिली नाही.

आधीचे निरीक्षक परदेशातून यायचे. त्यामुळे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर नरसिंग राव चार वाजता फुलांचा गुच्छ घेऊन फाटकात उभे राहिले आणि एका गोऱ्या, दाढीवाल्या रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची वाट बघत बसले. एक रिक्षा आली. तीतून हातात स्टीलचा डबा, डोक्यावर क्रिकेटची टोपी असे सत्तरीचे एक काका उतरले. रावसाहेबांनी त्यांना हाताने बाजूला केलं. वॉचमनने बाकावर बसवलं. वीस मिनिटांनी काका म्हणाले, "कोशर के लिए आया हूँ. गुच्छा किसके लिए है?"

ते आवासकर. ठाण्याहून आलेले. "रब्बी नहीं हूँ मैं," ते सगळ्यांना हिंदीत सांगत होते, "सिर्फ देखरेख करता हूँ." माझ्याशी ते इंग्रजीत बोलत होते आणि मीही इंग्रजीत, अगदी मोजून. तेवढ्यात आईचा फोन आला. मी भिंतीकडे तोंड करून हळूच म्हटलं, "आई, नंतर करते."

वळले तर काका कमरेवर हात ठेवून उभे. "मराठी?"

"हो, सर."

"मग गेला अर्धा तास आपण दोघं इंग्रजीत काय झक मारत होतो?"

कारखान्यात मी मराठी आहे हे कोणाला माहीत नव्हतं. लपवलं नव्हतं, पण सांगितलंही नव्हतं.

चहाच्या वेळी रावसाहेबांनी त्यांना विचारलंच. "सर, आप लोगां में कास्ट होता क्या? इतना साफ-सफाई, ब्राह्मण टाइप होंगे ना?"

मी कपाकडे बघत राहिले. आता हे काका काय उत्तर देतात याची मलाच धाकधूक.

"अजी नै साब," काका हसत म्हणाले, "हम तो तेली. शनिवार तेली. कोकण में हमारे बडे-बूढे घाणा चलाते थे, शनिवार को बंद रखते थे, तो गाँववालों ने नाम रख दिया. तेलवाला तेल के कारखाने में आया, और क्या." आणि त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलं. जातीचा प्रश्न असा हातावेगळा करता येतो, हे मी पहिल्यांदा बघत होते.

मग त्यांनी मला विचारलं, "भांड्याचे चोवीस तास?"

मी लॉग पुढे केला. शेवटची बॅच, बुधवार, संध्याकाळी सहा. खाली माझी सही, के. एस.

"तुझी सही आहे ना. मग झालं." त्यांनी वही मिटली.

जाता जाता मी धीर करून विचारलं, "काका, भांड्याला हात कोणी लावला, याचं काही असतं का?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "सगळीकडचं नाही सांगत. आमच्यातही नियम कमी नाहीत. पण या भांड्यापुरतं सांगतो, हात कोणाचाही चालतो. भांड्याने काय प्यायलं, एवढाच प्रश्न."

शुक्रवारी मी आठलाच पोचले. चिक्कडपल्लीहून दोन मेट्रो करून यावं लागतं, पण त्या दिवशी लवकरच जाग आली होती. काकांनी आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं की जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करायला पश्चिम कुठं आणि शांत जागा कुठं. मी त्यांना रिकाम्या पिंपांची खोली दिली होती. दारातून दिसलं, निळ्या पिंपांच्या मधोमध ते पश्चिमेला, ट्रकांच्या वजनकाट्याकडे तोंड करून उभे होते. अंगावर पांढरी शाल, कपाळावर काळी छोटी पेटी, डाव्या हाताला कातडी पट्टा गुंडाळलेला. ओठ हलत होते. यादगिरी अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "सर बीपी देख लेरे क्या?"

नंतर काका पट्टा गुंडाळत बाहेर आले. मी म्हटलं, इथं तुमची प्रार्थनेची जागा नाही, अडचण होत असेल.

"सिनेगॉग नाही म्हणून काय झालं? बॉयलरहाऊस आहे ना. आमचं निम्मं काम तर स्वयंपाकघरातच असतं."

साडेआठला आम्ही चौघं भांड्यापाशी जमलो. पाणी गळ्यापर्यंत भरलेलं. अण्णांचा हात वाफेच्या व्हॉल्व्हवर. काका त्यांना हिंदीत समजावून सांगत होते, कारण त्यांना आवडायचं की व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला का फिरवतो ते कळावं. "चोवीस घंटे में बर्तन ने कुछ गरम नहीं चखा होना. माल नहीं, कुछ नहीं. सादा गरम पानी भी नहीं."

अण्णांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग नजर खाली घातली आणि पुन्हा व्हॉल्व्हवर हात ठेवला. ते बोलणार नव्हते. मला वाचवायला ते गप्प राहिले होते, हे मला स्पष्ट कळलं. गप्प राहिलं तर झालं. अकराला उकळी, बाराला सही, रविवारी कंटेनर. कोणाला कधीच कळणार नाही. आणि कोण्या देशात कोणी माणूस माझ्या सहीवर विसंबून ते खाईल.

"काका," मी म्हटलं, आणि निघालं ते मराठीतच. "काल दुपारी मी ते गरम पाण्याने धुऊन घेतलं. डाग होता म्हणून. लिहिलं नाही मी."

"क्या बोली? क्या बोली ये?" रावसाहेब.

काकांनी त्यांना हिंदीत सांगितलं. रावसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे अम्मा, कौन पूछ रा था तुमको? अब क्या करना? इतवार को कंटेनर है ना." मग काकांना, "सर, सादा पानीच तो था. बोरवेल का पानी. पाक साफ."

काका ऐकत नव्हते. ते घड्याळ बघत होते. "धुणं किती वाजता संपलं? बरोबर सांग."

"दोन वाजून दहा."

"अण्णा?"

"दो दस," अण्णा म्हणाले. "घडी के नीचेच खडा था मैं."

"आज सूर्यास्त पावणेसहाच्या सुमाराला. मला पाच पंचविसाला दिवे लावायचेत. त्याच्या आधी सही. अण्णा, सवा दो को भाप छोडे तो उबलने में कितना टाइम?"

"पौने दो घंटे."

"मग जमतं," काका म्हणाले. त्यांचे डोळे चमकले असं मी लिहिलं तर आई खोडेल, पण चमकले.

"और आपका फ्लाइट?"

"वो तो गया साब."

त्यांनी तिथंच बायकोला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला, कारण कागद काढायला हात मोकळे हवे होते. "अगं, या शब्बाथला मी येत नाही. भांड्याचं राहिलंय."

पलीकडून, "मेणबत्त्या आहेत?"

"आहेत बॅगेत."

"खोटं बोलू नका. बॅग मी भरलीय." मग, "तिथं कोणी मराठी समजणारं आहे का? त्याला द्या फोन."

तो फोन माझ्या हातात आला. दोन मेणबत्त्या, जाड. काळ्या मनुका, पाव किलो. तांदूळ, मूगडाळ. फळं न चिरलेली. "आणि बाई, त्यांना डाळ निवडायला उजेडात बसव. चष्मा लावत नाहीत."

मी कुकटपल्लीच्या बाजारात धावले. मेणबत्त्या चार दुकानं पालथी घातल्यावर मिळाल्या. वाटेत आईला फोन केला तर ती म्हणाली, "हॉटेलात कशाला, मी डबा पाठवते." मी म्हटलं, नाही चालत आई, त्यांचं पातेलं त्यांच्या बरोबर असतं. ती म्हणाली, "पेरू चालतील ना? पेरूला कोणी नाही म्हणत नाही." शेजारच्या मुलाबरोबर तिने खरंच पेरू पाठवले.

गेस्टरूम वजनकाट्याच्या वर आहे. खाली ट्रक वजन करत होते आणि वर काका आपल्या छोट्या पातेल्यात मनुका उकळत होते. शब्बाथला लागणाऱ्या द्राक्षाच्या दारूऐवजी हे सरबत, त्यांच्याकडे पूर्वापार हेच. मग खिचडी, उद्यापर्यंत पुरेल एवढी, कारण उद्या आग पेटवायची नाही.

सव्वादोनला काकांनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह फिरवला. चाळीस अंश, पन्नास, साठ. मी दर पाच मिनिटांनी लिहीत होते. तीन वाजून पाच मिनिटांनी बॉयलर बंद पडला.

लाल दिवा, भोंगा, सगळं. ज्योत दिसत नाही, असं पॅनेल म्हणत होतं. रावसाहेब तेलुगूत देवाला हाका मारायला लागले. अण्णा मात्र सरळ बर्नरपाशी गेले. बर्नरमध्ये ज्योत बघणारी एक काच असते, बॉयलरचा डोळाच. त्यांनी तो बाहेर काढला, स्वतःच्या रुमालाने पुसला आणि मला दाखवला. "काजल लगा लिया बोलके अंधा हुआ." अठरा मिनिटं गेली. भांडं चार अंश उतरलं होतं.

मग पुन्हा चढायला लागलं. ऐंशी. नव्वद. चार वाजून पंचवीस मिनिटांनी काटा अठ्ठ्याण्णवावर आला आणि तिथंच बसला.

"नै चढ रा," रावसाहेब हवालदिल. "सौ नै हो रा. गया कंटेनर."

"सर, शंभर होणारच नाही," मी हिंदीत म्हटलं, आणि माझा आवाज मला नेहमीपेक्षा मोठा वाटला. "हैदराबाद उंचावर आहे. इथं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. काटा नका बघू, पाणी बघा."

सगळ्यांनी झाकणाकडे बघितलं. आतून ढोल वाजल्यासारखा आवाज येत होता. मग पहिला हबका कडेवरून बाहेर आला, मग दुसरा, मग चहूबाजूंनी पांढरं, उकळतं पाणी भांड्याच्या अंगावरून धो धो खाली. अण्णा मागं सरले आणि लहान मुलासारखे हसले. काकांनी टोपी सारखी केली, हात वर करून म्हणाले, "बस." चार वाजून अडतीस मिनिटं.

भांडं रिकामं करायला सांगून काका तिथल्याच टेबलावर अहवाल लिहायला बसले. मी बाजूला उभी. उशिराचं कारण, या रकान्यात त्यांनी लिहिलं की गरम धुण्याबद्दल निरीक्षकाने आदल्या दिवशी विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. मी म्हटलं, काका, चूक माझी आहे.

"तुझी धुण्याची. माझी न विचारण्याची. मी सही बघितली आणि वही मिटली." मग पेन थांबवून, "माहिती कोणी दिली, हे लिहायचंय. पूर्ण नाव सांग. के नको."

रावसाहेब शेजारीच होते. अण्णाही. उघडायला एकही फाइल हाताशी नव्हती.

"स्मिता कांबळे."

त्यांनी ते लिहिलं, सही केली, पेनाला टोपण लावलं. पुढचा प्रश्न आलाच नाही. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

गेस्टरूमवर नवीच अडचण निघाली. शब्बाथला दिवा लावायचा नाही आणि विझवायचाही नाही. काका म्हणाले, न्हाणीघरातला चालू राहू दे, खोलीतला बंद. पण आमचा वॉचमन वीज वाचवण्याच्या बाबतीत फार कडक. दिसला दिवा की विझवतो. मी खाली धावले आणि टॅगांचा गठ्ठा घेऊन आले. न्हाणीघराच्या बटणावर लाल टॅग, खोलीच्या बटणावर लाल टॅग. रकाने भरले. वस्तू: दिवा. कारण: शब्बाथ. काय झाल्यावर सोडायचं?

"उद्या आकाशात तीन तारे दिसल्यावर. शब्बाथ तेव्हा संपतो," काका म्हणाले. मी तसंच लिहिलं.

पाच पंचविसाला त्यांनी खिडकीपाशी दोन मेणबत्त्या लावल्या आणि डोळ्यांवर हात ठेवले. खाली काट्यावर हळदीचा ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी दारातच थांबले. नंतर त्यांनी कागदी कपात मला मनुकांचं सरबत दिलं. गोड होतं, जरासं धुरकट. तेवढ्यात खालून आमच्या मालाची पहिली बॅच भांड्यात पडल्याचा आवाज आला.

शनिवारी अर्धा दिवस असतो, पण मी थांबले. टॅग माझा होता. दिवसभर काका लिंबाच्या झाडाखाली बाकावर बसून पेरू खात होते. ड्रायव्हर विचारत, चाचा, आप क्या काम करते? ते म्हणत, आज कुछ नहीं.

अंधारायला लागल्यावर आम्ही गच्चीवर गेलो, काका, अण्णा आणि मी. रावसाहेबही आले, घरी जायचं सोडून. कुकटपल्लीचं आकाश म्हणजे धूळ आणि दिव्यांचा उजेड. एक तारा लगेच सापडला. दुसरा अण्णांनी पाण्याच्या टाकीवर दाखवला. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

"वो देखो, तीसरा," रावसाहेब म्हणाले. "हो गया. चलो."

"वो विमान है, सर."

"मॅडम, एक विमान चला लो ना. सर को भूख लगी होंगी."

काका माझ्याकडे बघत होते, टॅग मी लावला होता म्हणून.

"विमान धरायचं नाही," मी म्हटलं.

आणि आम्ही चौघं माना वर करून उभे राहिलो. विमान गेलं. खाली शिफ्टचा भोंगा वाजला. मग पूर्वेला, जिथं कोणी बघतच नव्हतं, एक बारीकसा ठिपका दिसला. मी एकदा डोळे मिटून उघडले. तो तिथंच होता, हलत नव्हता.

मी जिना उतरले, दोन्ही टॅग काढले, वेळ लिहिली आणि खाली सही केली, पूर्ण नावाची.